दिले किती, पोचले किती

मागच्या अंकात या सदरात प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरवर देतात त्या ल्युटेशियम-पीएसएमए उपचाराबद्दल थोडक्यात लिहिलं होतं. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या अंगावर पीएसएमए नावाचं प्रथिन दाट असतं. त्याला जाऊन चिकटणारा एक छोटा रेणू घ्यायचा, त्याला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी अणू जोडायचा आणि शिरेतून सोडायचा. रेणू पेशी हुडकतो, अणू तिथंच फुटतो आणि त्याचे बीटा कण फार तर दोन मिलिमीटरच्या आत आपलं काम उरकतात.

एवढ्यावर सीमाभागातून जी पत्रं आली, त्यांतली निम्मी मोजमापाबद्दल विचारणारी निघाली. मी न्यूक्लियर मेडिसिन विभागात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करते, म्हणजे मोजमाप हाच माझा रोजचा धंदा. त्यामुळं या वेळी संपादकांनी मला जरा सैल सोडलंय.

प्रश्न : ताई, माझे आप्पा ७१ वर्षांचे. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर कण्यात आणि खुब्यात उतरलाय. गोळ्या, इंजेक्शनं, केमो सगळं झालं, पीएसए (प्रोस्टेटच्या रोगाची रक्तातली खूण) पुन्हा वरच चाललंय. आता पुण्याच्या डॉक्टरांनी ल्युटेशियम सांगितलंय, दर सहा आठवड्यांनी २०० मिलिक्युरी. आप्पांचं वजन ४८ किलो. तिथंच ९० किलोचे एक गृहस्थ भेटले, त्यांनाही २००च. लहान पोराला तापाचं औषध देतानासुद्धा वजन बघतात, मग इथं सगळ्यांना एकच माप कसं? — एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. जगभरचे माझे व्यवसायबंधू गेली कित्येक वर्षं याच मुद्द्यावर भांडतायत.

आधी २०० कुठून आलं ते सांगते. व्हिजन नावाच्या मोठ्या चाचणीत ८३१ रुग्ण होते. निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७.४ गिगाबेक्वेरेल, म्हणजेच २०० मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायची ही दोन एककं), दर सहा आठवड्यांनी, चार ते सहा वेळा असं ठरवून दिलं होतं. नेहमीच्या उपचारासोबत ल्युटेशियम मिळालेल्यांचं मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) १५.३ महिने निघालं, न मिळालेल्यांचं ११.३. त्यावर २०२२च्या मार्चमध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली आणि ७.४ हा आकडा पक्का झाला. ज्या मापानं फायदा सिद्ध झाला तेच माप सगळ्यांना, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र. ते चुकीचं म्हणणार नाही मी. अपुरं आहे.

कारण २०० हा शिरेत किती सोडलं त्याचा आकडा आहे. आप्पांच्या कण्यातल्या गाठीला किती पोचलं आणि किडनीला किती सोसावं लागलं, हे त्यातून कळत नाही. आपल्याकडं बघा, खानापूरच्या रानात आणि चिकोडीच्या काळ्या रानात समजा सारखाच पाऊस पडला, पर्जन्यमापकात आकडा एकच येईल. पण एकीकडं पाणी वाहून जाईल आणि दुसरीकडं आठ दिवस पाय रुतेल. आम्हाला मोजायचं असतं ते मुरलेलं पाणी. त्याचं एकक ग्रे. एक किलो ऊतकात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे.

आता किडनीचं घ्या. व्हिजन चाचणीतल्या २९ रुग्णांचं असं सविस्तर मोजमाप झालं. सोडलेल्या दर गिगाबेक्वेरेलमागं किडनीला सरासरी ०.४३ ग्रे पोचले. सहाही वेळा पूर्ण औषध दिलं तर ४४.४ गिगाबेक्वेरेल होतात, म्हणजे किडनीला सुमारे १९ ग्रे. पण ही झाली सरासरी. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून माणसामाणसांत पडणारा नेहमीचा फरक, होतं ०.१६. म्हणजे कुणाच्या किडनीत एकूण १२ ग्रे जातील, कुणाच्या २६, आणि दोघांच्याही कागदावर ‘२०० मिलिक्युरी गुणिले सहा’ असंच लिहिलेलं असेल. बाहेरून यंत्रानं किरण देताना किडनीसाठी २३ ग्रेची मर्यादा जुन्या अनुभवातून ठरलेली आहे. ती इथं जशीच्या तशी लागू करायची नसते, कारण बाहेरचा किरण काही मिनिटांत बसतो आणि ल्युटेशियमचा मार कित्येक दिवस हळूहळू बसतो, मधल्या वेळात पेशी डागडुजी करून घेतात. त्यामुळं २६ आकडा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ज्याची क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधीच वर आहे, मधुमेह आहे, लघवी तुंबते आहे, त्याच्या बाबतीत १२ की २६ हे माहीत असलेलं बरं.

वजनाबद्दल. ४८ किलोच्या माणसाचे अवयवही बहुधा लहान, आणि तेवढंच औषध लहान अवयवात गेलं तर दर किलोमागं ऊर्जा जास्त. तेव्हा तुमचं बोट बरोबर जागी आहे. पण वजनापेक्षा मोठा फरक पाडणारी गोष्ट वेगळीच आहे : अंगात रोग किती पसरलाय. गाठी भरपूर असतील आणि त्यांवर पीएसएमए दाट असेल तर त्याच बरंचसं औषध ओढून घेतात, किडनीच्या आणि लाळग्रंथींच्या वाट्याला कमी येतं. रोग थोडा असेल तर उलट. म्हणून त्या ९० किलोवाल्यांशी तुलना करून हाती काही लागणार नाही.

आणि गाठीची बाजू? मेलबर्नच्या पीटर मॅक्कलम कॅन्सर सेंटरनं ३० रुग्णांचं मोजमाप २०१९ साली प्रसिद्ध केलं. सगळ्या गाठी मिळून सरासरी १० ग्रेपेक्षा कमी पोचलेले ११ जण होते. त्यांच्यातल्या एकाचंच पीएसए निम्म्यावर आलं. लहान अभ्यास आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. पहिल्या खेपेनंतरच कळलं की गाठीपर्यंत फारसं काही पोचत नाही, तर पुढच्या पाच खेपांचा खर्च आणि हाल यांवर डॉक्टरांशी वेळेत बोलता येतं.

युरोपात २०१३च्या निर्देशानुसार किरणोपचारात प्रत्येक रुग्णाचं लक्ष्यापुरतं नियोजन आणि पडताळणी वेगळी करायची आहे, त्यात न्यूक्लियर मेडिसिनही आलं. तरी तिथंही बरीच रुग्णालयं ७.४वरच थांबतात. मोजून माप बदललं तर रुग्ण जास्त जगतो, हे व्हिजनइतक्या मोठ्या चाचणीनं अजून दाखवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे ते. माझं म्हणणं एवढंच, की माप बदलायचं नसेल तर नका बदलू, पण मोजून फाइलीला तरी लावा. तुम्ही पुण्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा : ‘पहिल्या खेपेनंतर स्पेक्ट-सीटी (औषध अंगात कुठं किती बसलंय ते दाखवणारा स्कॅन) काढणार का, आणि किडनीला किती ग्रे गेले ते लिहून मिळेल का?’ यात चिडण्यासारखं काही नाही. चांगला डॉक्टर खूश होतो.

प्रश्न : मी शहापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. तुम्ही लिहिलंत की किरणांचं मोजमाप शरीराच्या आत करतात. आत मीटर तर घालता येत नाही. मग मोजता कसं? आकड्यांसकट सांगाल तर मुलांनाही सांगता येईल. — एक शिक्षक, बेळगाव

उत्तर : सर, आकडे मागणारं पत्र महिन्यातून एखादंच येतं. तेव्हा थोडं जास्त जागा खाणार.

पहिली पायरी शरीराबाहेरची. ल्युटेशियम आपल्याकडं बरंचसं तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. शिशाच्या डबीत कुपी आमच्याकडं येते. अर्धायुष्य (निम्मे अणू फुटून संपायला लागणारा वेळ) ६.६५ दिवस, म्हणजे वाटेत एक दिवस गेला की सुमारे दहावा हिस्सा गळाला. म्हणून टोचण्याआधी सिरिंज डोस कॅलिब्रेटर नावाच्या विहिरीसारख्या उपकरणात उतरवून आकडा आणि घड्याळातली वेळ लिहितो. टोचून झाल्यावर रिकामी सिरिंज आणि नळी पुन्हा त्याच विहिरीत. तिथं उरलेलं वजा करायचं. पुष्कळ कागदांवर ही वजाबाकी केलेलीच नसते, हे माझं जुनं दुखणं.

७.४ गिगाबेक्वेरेल म्हणजे दर सेकंदाला ७४० कोटी अणू फुटतायत. आणि एवढं सगळं करणारं ल्युटेशियम-१७७ वजनात भरतं जेमतेम दोन मायक्रोग्रॅम. मुलांना हा हिशेब करायला लावा, अर्धायुष्य आणि अ‍ॅव्होगॅड्रो संख्या एवढ्यावर सुटतो.

दुसरी पायरी आतली. बीटा कण बाहेर येत नाहीत, ते दोन मिलिमीटरच्या आतच संपतात. पण नशिबानं ल्युटेशियम थोडे गॅमा किरणही टाकतं. दर १०० विघटनांमागं सुमारे १० वेळा २०८ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा निघतो. तो शरीर ओलांडून बाहेर येतो आणि आमच्या कॅमेऱ्याला दिसतो. रुग्ण टेबलावर निजतो, कॅमेऱ्याची दोन डोकी त्याच्याभोवती सावकाश फिरतात, सोबत सीटी निघतो. हाच स्पेक्ट-सीटी. सीटीमुळं हाडामांसात वाटेत किती गॅमा अडले याची भरपाई करता येते, आणि अवयवाचं आकारमानही कळतं. पडद्यावर चित्र उमटतं तेव्हा दोन्ही किडन्या, गालांमागच्या लाळग्रंथी आणि मूत्राशय लखलखत असतात, आणि मधे मणक्यांवर, खुब्यावर, बरगड्यांवर रोगाचे ठिपके. त्या प्रत्येकाभोवती माउसनं रेघ ओढायची. किडनीची कड सीटीवरून ओढायची की लखलखाटावरून, यावर दोन भौतिकशास्त्रज्ञांत तासभर वाद होऊ शकतो. मी सीटीवाली.

कॅमेरा मात्र मोजतो ‘काउंट’. त्याचे बेक्वेरेल करायला आधी एक बाटली लागते : मोजून ल्युटेशियम घातलेलं पाणी भरलेली. तिचं चित्र काढलं की एका मेगाबेक्वेरेलला किती काउंट, हे कळतं. लहान गाठींची आणखी एक भानगड आहे. कॅमेऱ्याची नजर अधू असते, त्यामुळं एक-दीड सेंटिमीटरच्या गाठीचा उजेड आजूबाजूला सांडतो आणि ती आहे त्यापेक्षा मंद दिसते. तेवढी दुरुस्ती न करता काढलेला ग्रेचा आकडा खोटा कमी येतो.

आता तुमचं गणित. समजा पाच ग्रॅमची गाठ आहे, साधारण दोन सेंटिमीटरची. तिच्यात सुरुवातीला २० मेगाबेक्वेरेल जमलं, आणि पन्नास तासांनी ते निम्मं होतं. हे परिणामी अर्धायुष्य : अणू फुटून संपतात ते आणि औषध गाठीतून धुऊन निघतं ते, दोन्ही मिळून. पन्नास तासांना १.४४नं गुणलं की सरासरी मुक्काम ७२ तास. २० मेगाबेक्वेरेल गुणिले ७२ तास म्हणजे एकूण सुमारे ५ लाख कोटी विघटनं. प्रत्येक विघटन इलेक्ट्रॉनांवाटे सुमारे १४७ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट तिथंच टाकतं. ज्यूलमध्ये बदला : एकूण ०.१२ ज्यूल. भागिले ०.००५ किलो. उत्तर २४ ग्रेच्या आसपास.

आता तीच गाठ, तेच २० मेगाबेक्वेरेल, पण ते पंचवीस तासांत निम्मं होतंय. उत्तर १२ ग्रे. सुरुवातीच्या चित्रात दोन्ही गाठी जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या असत्या. म्हणूनच एकाच दिवशी, औषध दिल्यावर लगेच काढलेल्या सुंदर रंगीत चित्रावर माझा भरवसा नाही. काळासोबत वक्र कसा उतरतो ते कळलं तर त्याखालचं क्षेत्रफळ कळतं, आणि क्षेत्रफळ कळलं तरच ग्रे कळतात. नववी-दहावीच्या मुलांना आलेखाखालचं क्षेत्रफळ कशाला शिकायचं, असा प्रश्न पडतो ना, त्यांना हे उदाहरण द्या.

एक गंमत. किडनीला एका खेपेत मिळणारे साधारण ३ ग्रे, म्हणजे दर किलोला ३ ज्यूल. एवढ्या उष्णतेनं एक किलो पाण्याचं तापमान एक अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही वाढत नाही. पण हेच ग्रे सर्वांगाला एकदम बसले आणि आकडा चारच्या आसपास गेला, तर उपचाराविना निम्मी माणसं दगावतात. उष्णतेचा इथं काही संबंध नाही, डीएनएच्या दोऱ्या तुटतात त्या महत्त्वाच्या.

प्रश्न : वडिलांना बंगळूरला ल्युटेशियम दिलं. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी स्कॅनला या म्हणाले. आम्ही संकेश्वरचे. बेळगावला येऊन रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरायची, सकाळी उतरायचं, अर्धा तास टेबलावर निजायचं आणि परत. वडिलांना कण्याचं दुखणं आहे, बसवत नाही. एवढं गरजेचं आहे का? — एक लेक

उत्तर : नाही. म्हणजे, तीन स्कॅननी वक्र चांगला बांधता येतो हे खरं, आणि वर सरांना मी तेच सांगितलं. पण कण्यात मेटास्टॅसिस (पसरून आलेला रोग) असलेल्या माणसाला आठवड्यात तीनदा बंगळूर हा अघोरी हिशेब झाला. मोजमाप माणसासाठी आहे.

याला तोडगा आहे, आणि तो गणितानंच दिलाय. एकच स्कॅन काढायचा, पण वेळ नेमकी निवडायची. कुणाच्या अवयवातून औषध लवकर निघतं, कुणाच्या उशिरा. योग्य वेळी मोजलं तर हा फरक जवळजवळ पुसला जातो, कारण लवकर रिकामा होणारा आणि रेंगाळणारा, दोघांच्याही बाबतीत एकाच साध्या सूत्रानं क्षेत्रफळ जवळपास बरोबर येतं. स्कॅनची वेळ परिणामी अर्धायुष्याच्या पाऊणपट ते अडीचपट असली की चूक १०–१२ टक्क्यांच्या आत राहते. तीन दिवसांनी, म्हणजे ७२ तासांनी मोजलं, तर अर्धायुष्य २९ तासांपासून ९६ तासांपर्यंत कुठंही असलं तरी चालतं. बहुतेकांच्या किडन्या त्यातच बसतात, पुष्कळशा गाठीही. हे सूत्र २०१८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मांडलं.

तेव्हा माझा सल्ला असा : पहिली खेप असेल तर पहिल्या दिवशी वॉर्डात असतानाच एक स्कॅन काढून घ्या, आणि शक्य असेल तर कुणा पाव्हण्यांकडं तीन दिवस मुक्काम करून दुसरा काढूनच गाडीत बसा. मुक्कामाच्या घरी लहान मूल किंवा गरोदर बाई नको, कारण खाली लिहिते. पुढच्या खेपांना एकच, तिसऱ्या दिवसाचा. आणि ‘हे चालेल का’ असं तुमच्या केंद्रातल्या भौतिकशास्त्रज्ञांनाच विचारा. डॉक्टर कामात असतात, आम्ही तळमजल्यावर सापडतो.

पुढच्या खेपांना मोजायचंच कशाला, असंही कुणी म्हणेल. औषध लागू पडलं तर गाठी आटतात, त्यांवरचं पीएसएमए कमी होतं, मग तिसऱ्या-चौथ्या खेपेला गाठीला पहिल्याइतके ग्रे मिळत नाहीत. किडनीला मात्र तेवढेच मिळत राहतात. ही फारकत दिसली की काही डॉक्टर मधे थांबतात आणि पीएसए वाढेपर्यंत उरलेल्या खेपा राखून ठेवतात. मला ते शहाणपणाचं वाटतं.

प्रश्न : मामंजींना ल्युटेशियम देऊन घरी सोडलंय. सोडताना एक इंग्रजी कागद दिला आणि कन्नडमध्ये भरभर सांगितलं, ‘मक्कळन्न दूर इडी’, मुलांना लांब ठेवा. किती लांब, किती दिवस? माझी धाकटी तीन वर्षांची आहे, आजोबांच्याच कुशीत झोपते. संडास एकच आहे. आणि माझी जाऊ गरोदर आहे, तिला माहेरी पाठवू का? — एक सून, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या कागदावर जे लिहिलंय तेच पाळा, कारण सोडताना मामंजींच्या अंगातून किती किरण येत होते ते मोजून तो कागद बनतो. एरवी औषधासोबतच्या माहितीपत्रकातल्या सूचना अशा : घरातल्या इतर माणसांनी पहिले दोन दिवस तीन फुटांच्या आत फार वेळ बसू नये, लहान मुलं आणि गरोदर बायकांनी सात दिवस. झोपायची खोली तीन दिवस वेगळी, मुलांपासून सात दिवस आणि गरोदर बाईपासून पंधरा दिवस.

म्हणजे धाकटीची कुशीत झोपायची सवय आठवडाभर मोडायची. सगळ्यांत अवघड तेच आहे, मला कल्पना आहे. दाराशी उभं राहून आजोबांशी बोलली, चार मिनिटं खेळून पळाली, तर काही होत नाही. रात्रभर चिकटून झोपणं टाळायचंय. अंतर दुप्पट केलं की किरण साधारण चौथाईवर येतात. जाऊबाई त्याच घरात राहू शकतात, खोली वेगळी हवी. माहेरी जायचं असेल तर तो त्यांचा हक्क आहे, त्याला ल्युटेशियमचं निमित्त कशाला.

संडासाचं : औषध बरंचसं पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. मामंजींना भरपूर पाणी पाजा, लघवी तुंबवू देऊ नका. बसून लघवी करायची म्हणजे उडत नाही, नंतर दोनदा पाणी टाकायचं, हात साबणानं धुवायचे. त्यांचे आतले कपडे आणि टॉवेल आठवडाभर वेगळे धुवा. लघवीवर ताबा नसेल, डायपर लागत असेल, तर ते रबरी मोजे घालून काढा आणि टाकायचे कुठं ते केंद्राला फोन करून विचारा, उकिरड्यावर नकोत. ताटवाटी नेहमीसारखी घासली की झालं. वेगळी मांडू नका, माणसाला ते लागतं.

हे बाहेर येणारे किरण म्हणजे आमच्या कॅमेऱ्याला दिसतात तेच गॅमा. सर्वसामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसीव्हर्ट (किरणांचा माणसाला होणारा धोका मोजायचं एकक) ही आपल्याकडच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे. घरातल्या माणसांना बसणारे किरण कमीत कमी राहावेत, अशाच हिशेबानं वरचे नियम आखलेत. आणि तो इंग्रजी कागद टाकू नका. पुढचे काही आठवडे मामंजी विमानानं निघाले तर तपासणीतलं किरणमापक ओरडू शकतं, तेव्हा तोच कागद दाखवायचा.

प्रश्न : ऑनलाइन तीन हजारांत गायगर काउंटर मिळतो. आणून आप्पांना लावून बघू का? — चिकोडी

उत्तर : नका. त्यात टकटक ऐकू येईल, ग्रे कळणार नाहीत, आणि घरभर भीती पसरेल.

प्रश्न : ल्युटेशियम चाललं नाही तर अ‍ॅक्टिनियम देऊ म्हणतात. त्याचंही असंच मोजतात का? — नंदगड

उत्तर : मोजायला बघतात, जमत नाही नीट. अ‍ॅक्टिनियम-२२५ अल्फा कण सोडतं, तेही एकामागून एक चार. अल्फाची धाव मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी, मार मात्र जबर. म्हणून ते ल्युटेशियमच्या हजाराव्या हिश्शाइतकंच देतात, आठ-दहा मेगाबेक्वेरेल. एवढ्यात कॅमेऱ्याला पुरेसा उजेडच मिळत नाही. शिवाय पहिला अल्फा सुटताना अणूला इतका हिसका बसतो की तो रेणूपासून सुटतो आणि पुढची पिल्लं, म्हणजे त्यातून तयार होणारे किरणोत्सारी अणू, भलतीकडंच भटकतात. लाळग्रंथींना अ‍ॅक्टिनियमचा त्रास ल्युटेशियमपेक्षा बराच जास्त होतो. तोंड इतकं कोरडं पडतं की भाकरी गिळवत नाही म्हणून उपचार अर्ध्यावर सोडणारे असतात. निर्णयाआधी डॉक्टरांशी यावर मोकळेपणानं बोला.

प्रश्न : आमच्याकडं कर्नाटकाचं आरोग्य कार्ड आहे. महाराष्ट्रात उपचार घेतले तर चालेल का? सीमाभागाला महाराष्ट्राची योजना लागू झाल्याचंही ऐकलं. — येळ्ळूर

उत्तर : सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली जाहीर केलं. पण योजना लागू असणं आणि ल्युटेशियम तिच्या यादीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. दोन्ही राज्यांच्या योजनांबाबत रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर हाच प्रश्न विचारा, ‘ल्युटेशियम-पीएसएमए बसतं का’ असा नाव घेऊन, नुसतं ‘कॅन्सर बसतो का’ असं नको. स्कॅनचे पैसे त्यात धरलेत का, तेही विचारा. आणि लेखी मंजुरी हातात पडल्यावरच उपचाराची तारीख घ्या. कुपी त्या तारखेच्या हिशेबानं तुमच्या नावानं मागवलेली असते. कागदासाठी आठवडाभर अडून बसलात तर तिच्यात निम्म्याहून कमी उरतं.